माझ्याकडे चालतो, मग तुमच्याकडे का नाही? ई-लर्निंगच्या धड्यांतील व्हिडिओंविषयी

कारखान्यातील कामगारांसाठी यंत्रसुरक्षेचा ऑनलाइन धडा तयार करताना आमच्याकडे घडलेला हा प्रसंग आहे. लेथवर काम करताना घ्यायच्या काळजीचे चार मिनिटांचे चित्रीकरण तेथील पर्यवेक्षकांनी आपल्या आयफोनवर करून पाठवले होते. फाइल आमच्या संगणकावर उत्तम चालली, प्रिव्ह्यूमध्ये सारे ठीक दिसले, धडा पब्लिश झाला, एलएमएसवर, म्हणजे धडे शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, चढला. आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला की पर्यवेक्षकांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन दिसतो.

‘आमच्याकडे तर चालतो’ हे वाक्य त्या दिवशी आम्ही पाच वेळा तरी उच्चारले असेल. ते खरे होते आणि तरीही त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ई-लर्निंगच्या धड्यात घातलेला व्हिडिओ तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचला जावा लागतो: आधी ऑथरिंग टूल, म्हणजे धडा रचण्याचे सॉफ्टवेअर, तो आत घेते, मग पब्लिश करताना तो जसाच्या तसा ठेवायचा की पुन्हा नव्याने लिहायचा हे तेच टूल ठरवते, आणि शेवटी शिकणाऱ्याच्या संगणकावरील किंवा फोनवरील ब्राउझर तो उलगडून दाखवतो. आपण आपल्या टेबलावर जे तपासतो, ते बहुधा या तिन्हींपैकी काहीच नसते. तो आपल्या संगणकावरचा प्लेअर असतो आणि त्याला पुष्कळ काही वाचता येते.

ही भानगड समजून घ्यायची तर फाइल म्हणजे काय हे आधी पाहावे लागेल. फाइलीच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमओव्ही, एव्हीआय किंवा एमकेव्ही असे जे शेपूट असते, ते केवळ पाकिटाचे नाव होय. या पाकिटाला कंटेनर म्हणतात. त्यात चित्रांचा एक प्रवाह असतो, आवाजाचा दुसरा असतो, आणि कोणते चित्र कोणत्या क्षणी दाखवायचे याची एक सूची असते. चित्रे ज्या पद्धतीने आक्रसून लिहिलेली असतात त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. तिला आपण लिपी म्हणू. वाड्याच्या फडताळात सापडलेले मोडीतील पत्र नव्या पाकिटात घालून, वर सुवाच्य देवनागरीत पत्ता लिहून पोस्टात टाकले, तर पोस्टमन ते बिनचूक घरपोच करील. पण पाकीट फोडणाऱ्याला मोडी येत नसेल तर पत्र हातात असूनही त्याला एक ओळ वाचता येणार नाही. शिवाय व्हिडिओच्या पाकिटात चित्राची लिपी वेगळी आणि आवाजाची वेगळी असल्यामुळे अर्धे पत्र वाचता येणे आणि अर्धे न येणे हेही शक्य असते. आवाज आहे आणि चित्र नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

आयफोनने २०१७ सालच्या आयओएस ११ पासून चित्रीकरणासाठी एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ही लिपी वापरायला सुरुवात केली. तिचे मानक २०१३ सालचे आहे आणि २००३ सालच्या एच.२६४ पेक्षा ती बरीच कमी जागेत तेवढेच चित्र साठवते. परंतु तिच्या पेटंट-परवान्यांचा गुंता असा काही झाला की ब्राउझर बनवणारे बहुतेक जण वर्षानुवर्षे तिच्यापासून दूर राहिले. क्रोमने २०२२ च्या अखेरीस तिला थारा दिला, तोही संगणकाच्या हार्डवेअरमध्ये ती उलगडण्याची सोय असेल तर. कारखान्यातील संगणकांत ती सोय नव्हती, आमच्या नव्या लॅपटॉपांत होती.

आता कबुलीजबाब देणे भाग आहे. आमच्या ऑथरिंग टूलने ती एमओव्ही फाइल आधी नाकारलीच होती. तेव्हा घाईत असलेल्या एका माणसाने, म्हणजे मीच, फाइलीच्या नावातील एमओव्ही पुसून तेथे एमपी४ असे लिहिले आणि टूलने ती मुकाट्याने घेतली. एमपी४ हे पाकीट ॲपलच्या क्विकटाइमवरूनच घडवलेले असल्यामुळे दोन्ही फायलींची आतली मांडणी सख्ख्या भावंडांइतकी सारखी असते, म्हणून ही लबाडी खपून जाते. पण मी बदलले होते ते केवळ पाकिटावरचे नाव. पत्र मोडीतच राहिले. उलट नुकसान असे झाले की एमपी४ म्हटल्यावर टूलने ‘हे तर तयारच आहे’ असे समजून फाइल पुन्हा न लिहिता तशीच पुढे ढकलली. नाव बदलले नसते तर निदान अडचण माझ्या टेबलावरच उघड झाली असती. तेव्हा टूलने फाइल नाकारणे हा उपद्रव नव्हे, ती फुकटात मिळालेली सूचना आहे, हे मी तेव्हापासून धरून चालतो.

पाकीट न फोडता आत काय आहे ते पाहणे

कोणताही उपाय करण्यापूर्वी फाइलीची लिपी कोणती हे पाहावे, आणि ते पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडून टूल्स या मेनूतील कोडेक इन्फर्मेशन निवडले की चित्राचा आणि आवाजाचा कोडेक दिसतो. त्याहून तपशीलवार माहिती हवी असेल तर मीडियाइन्फो नावाचे मोफत साधन आहे. त्यात चार गोष्टी शोधाव्यात: चित्राची लिपी, आवाजाची लिपी, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) स्थिर आहे की बदलता, आणि बिट डेप्थ (रंगाच्या प्रत्येक नोंदीसाठी किती बिट) ८ आहे की १०. आमच्या फाइलीत एचईव्हीसी, एएसी (आवाजाची जवळजवळ सगळीकडे वाचता येणारी लिपी), बदलता आणि १० अशी उत्तरे आली. चारपैकी आवाज तेवढा सरळ होता.

व्हीएलसीविषयी एक इशारा देऊन ठेवतो. हा प्लेअर जवळजवळ सर्व लिप्या स्वतःच्या पोतडीत घेऊन फिरतो, त्यामुळे व्हीएलसीमध्ये फाइल चालली यावरून ब्राउझरबद्दल काहीही सिद्ध होत नाही. याच कारणासाठी संगणकावर कोडेकांचे गाठोडे उतरवून घेण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. तसे केल्याने आपल्या संगणकाला मोडी वाचता येऊ लागते आणि फाइल आत घेतली जाते, पण शिकणाऱ्या तीनशे जणांच्या संगणकांना ती येत नसतेच. अडचण सुटत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड जाते.

पाकीट बदलावे की पत्र पुन्हा लिहावे

उपाय दोन प्रकारचे आहेत आणि त्यांतील फरक न कळल्यामुळे लोकांचे तासन्‌तास वाया जातात. आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असून केवळ पाकीट चुकीचे असेल, तर पत्राला हात न लावता ते दुसऱ्या पाकिटात घालता येते. याला रिमक्सिंग म्हणतात. त्याला काही सेकंद लागतात आणि चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ओबीएस हे याचे उत्तम उदाहरण आहे. ते बराच काळ मुळात एमकेव्हीमध्येच रेकॉर्ड करत असे आणि त्याला सबळ कारण होते: एमपी४ मधील सूची सहसा रेकॉर्डिंग संपल्यावर शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर तासाभराची फाइल निरुपयोगी ठरते, तर एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. ज्या गावात दुपारी भारनियमन असते तेथे हा फरक पुस्तकी राहत नाही. ऑथरिंग टूल एमकेव्ही घेत नाही म्हणून कित्येक जण ती फाइल कन्व्हर्टरला लावून वाट पाहत बसतात; वास्तविक ओबीएसच्या फाइल मेनूतच रिमक्स रेकॉर्डिंग्ज अशी सोय आहे आणि ती हे काम चहाचा कप खाली ठेवेपर्यंत उरकते.

लिपीच वेगळी असेल तर मात्र पत्र उतरवून घ्यावे लागते, म्हणजे फाइल पुन्हा एन्कोड करावी लागते. यासाठी मी हँडब्रेक वापरतो. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. आमच्या लेथच्या फाइलीवर जे केले ते क्रमाने सांगतो. फाइल उघडून ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे ७२० पिक्सेल उंचीच्या, सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडिओसाठी आधीच जुळवून ठेवलेल्या निवडींचा संच, घेतला. समरी टॅबमध्ये फॉरमॅट एमपी४ असल्याची खात्री करून ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीत खूण केली. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४ ठेवला, फ्रेम रेट ३० ठेवला आणि त्याखालील निवड ‘पीक’वरून काढून ‘कॉन्स्टंट’वर आणली. गुणवत्तेचा आरएफ हा आकडा २३ ठेवला. येथे आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी, हे उलटे गणित ध्यानात ठेवावे लागते. आवाज एएसीच राहू दिला. एवढे झाल्यावर बटण दाबले.

यांतील दोन निवडींबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्या राहून गेल्या तरी फाइल चालते आणि दोष नंतर डोके वर काढतो.

पहिली निवड ‘कॉन्स्टंट’ची. फोनचा कॅमेरा सेकंदाला नेमकी ३० चित्रे घेतोच असे नाही. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो कधी २९ घेतो, कधी २४. प्लेअर सूचीतील वेळा पाहून हे सांभाळून घेतो, पण कित्येक ऑथरिंग टूल्स आपल्या टाइमलाइनवर फाइल ठेवताना सरासरी काढून मोकळी होतात. परिणाम असा, की पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज बरोबर असतात, चौथ्या मिनिटाला माणूस ‘चष्मा घाला’ म्हणून गप्प झाल्यावर आवाज येतो. मग लोक टूलमध्ये आवाज पुढेमागे सरकवत बसतात आणि एकीकडे जुळवले की दुसरीकडे निसटते. फ्रेम रेट स्थिर करून घेणे हाच त्यावरचा खरा उपाय असून तो टूलच्या बाहेर, आधीच करायचा असतो. स्क्रीन रेकॉर्डिंगलाही हेच लागू आहे.

दुसरी निवड ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ची. वर म्हटल्याप्रमाणे एमपी४ ची सूची एरवी फाइलीच्या शेवटी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असावी आणि पुस्तक पानापानाने टपालाने यावे, तशी ब्राउझरची स्थिती होते: अनुक्रमणिका हाती आल्याशिवाय त्याला पहिले पानही लावता येत नाही. सर्व्हरने फाइलीचा मधलाच तुकडा मागता येण्याची सोय दिली असेल तर ब्राउझर शेवटचे पान आधी मागवतो. ती नसेल तर शिकणारा फिरते चक्र पाहत राहतो. ती खूण केली की सूची आरंभी आणून ठेवली जाते. एका चौकटीतील एका खुणेने ‘व्हिडिओ फार वेळ घेतो’ या तक्रारींपैकी बऱ्याचशा मिटतात.

आकाराचे गणित

फाइल वाचता येणे आणि ती पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आयफोन ४के दर्जाचे, सेकंदाला ३० चित्रांचे चित्रीकरण एचईव्हीसीत केले तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेतो, हे त्याच्या सेटिंगच्या पानावरच लिहिलेले असते. आमची चार मिनिटे त्यामुळे ६८० एमबीच्या आसपास भरली होती. आता स्टोरीलाइनसारख्या ऑथरिंग टूलमध्ये स्लाइडचा मूळ आकार ७२० गुणिले ५४० पिक्सेल इतका असतो. ३८४० पिक्सेल रुंदीचे चित्र त्यात बसवणे म्हणजे लग्नाचा मांडव वाड्याच्या देवघरात घालण्यासारखे आहे. ७२०पी करून घेतल्यावर तीच फाइल सुमारे ४५ एमबी झाली, म्हणजे सेकंदाला साधारण १.५ मेगाबिट, आणि स्लाइडवर पाहणाऱ्याला फरक कळला नाही. मूडलसारखी एलएमएस पीएचपी या सर्व्हरवरील प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते, आणि तिची फाइल चढवण्याची मूळ मर्यादा जेमतेम २ एमबी असते. प्रशासक ती वाढवून ठेवतात, पण किती वाढवली आहे हे आधी विचारून घेतले तर पब्लिश करून झाल्यावर हात चोळत बसावे लागत नाही.

दर्जा कमी करण्याचा एक मार्ग मात्र कधीही पत्करू नये, तो म्हणजे व्हॉट्सॲप. तज्ज्ञ शिक्षकांनी उत्साहाने पाठवलेले चित्रीकरण व्हॉट्सॲपवरून येते तेव्हा ते आधीच पिळून काढलेले असते, आणि आडातच नाही तर हँडब्रेकच्या पोहऱ्यात कोठून येणार? तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडली किंवा ड्राइव्हवरून पाठवली तर मूळ स्वरूपात मिळते.

दुर्मिळ, पण सतावणारे दोष

कधी कधी फाइल एच.२६४ असूनही काही ब्राउझरांत चालत नाही. तेव्हा मीडियाइन्फोमध्ये क्रोमा सबसॅम्पलिंग नावाची ओळ पाहावी; रंगांची माहिती किती बारकाईने साठवली आहे हे ती सांगते. तेथे ४:२:० असायला हवे. काही स्क्रीन रेकॉर्डर अक्षरे कोरीव दिसावीत म्हणून ४:४:४ ठेवतात आणि ते सर्व ब्राउझरांना झेपत नाही. याच ४:२:० चा आणखी एक विक्षिप्त परिणाम असा की चित्राची रुंदी आणि उंची सम संख्येत असावी लागते. स्क्रीनचा एखादा भाग माऊसने ओढून निवडला आणि तो १३६५ गुणिले ७६७ भरला, तर काही एन्कोडर काम सुरूच करत नाहीत आणि त्यांचा त्रुटीसंदेश वाचून कोणालाही विषम संख्येची शंका येत नाही. रुंदीतून आणि उंचीतून एकेक पिक्सेल कापला की काम होते.

बिट डेप्थ १० निघाली तर बहुधा फोनमधील एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला मोठा फरक टिपण्याची सोय, चालू असते. आयफोन १२ पासून ते मुळातच चालू असते. अशी फाइल साधी ८ बिटची केली की माणसांचे चेहरे राखाडी, उडालेल्या रंगाचे दिसतात. हे नंतर दुरुस्त करण्यापेक्षा चित्रीकरणापूर्वीच फोनमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करणे आणि कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडणे कितीतरी सोपे आहे.

जुन्या धड्यांची कथा वेगळी. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि हलती चित्रे दाखवणारे फ्लॅश हे जुने साधन ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले आणि त्यावर उभे असलेले असंख्य धडे एका रात्रीत मुके झाले. सुदैवाने पब्लिश केलेल्या जुन्या फोल्डरमध्ये व्हिडिओ पुष्कळदा स्वतंत्र एफएलव्ही फाइल म्हणून सापडतो, आत एच.२६४ असेल तर नुसते पाकीट बदलावे, त्याहून जुनी लिपी असेल तर पुन्हा एन्कोड करावा. पॉवरपॉइंट २०१० मधून काढलेले व्हिडिओ डब्ल्यूएमव्ही असतात, कारण एमपी४ ची सोय २०१३ च्या आवृत्तीत आली. मुक्त म्हणून निवडलेल्या लिप्यांचेही काही खरे नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत पाठ तयार केले आणि त्यासाठी बरीच वर्षे ओजीव्ही फायली वापरल्या. त्यांतील थिओरा या लिपीचा आधार क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२४ साली काढून घेतला. म्हणूनच पब्लिश केलेली फाइल ही मूळ प्रत मानू नये. कॅमेऱ्यातून निघालेली फाइल निराळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावी, कारण प्रत्येक वेळी उतरवलेल्या पत्रावरून पुन्हा उतरवले तर अक्षर बिघडतच जाते.

आणि हो, धडा स्कॉर्म-मान्य आहे म्हणजे व्हिडिओ चालेलच, असा एक समज आढळतो. कोणी किती गुण मिळवले, धडा पुरा केला की नाही, हे एलएमएसला कसे कळवायचे एवढेच स्कॉर्म ठरवते. व्हिडिओच्या लिपीशी त्याला काही देणेघेणे नाही. तसेच व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही ही तक्रार फॉरमॅटची नसते: २०१८ पासून क्रोम आवाज असलेला व्हिडिओ वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय सुरू करत नाही. अशा वेळी स्लाइडवर ‘सुरू करा’ असे बटण ठेवावे आणि हँडब्रेकला त्रास देऊ नये.

मराठी उपशीर्षके

मराठी धड्यांना एक जादा अडचण असते, ती उपशीर्षकांची. वेबव्हीटीटी या उपशीर्षकांच्या फाइलीला युटीएफ-८ ही संकेतपद्धती सक्तीची आहे. जुन्या विंडोजवरील नोटपॅड मुळात एएनएसआय पद्धतीने फाइल साठवत असे आणि तसे झाले की देवनागरीतील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ती फाइल मग सुधारताही येत नाही, अक्षरे गेलेली असतात. सेव्ह ॲज करून एन्कोडिंगच्या खान्यात युटीएफ-८ निवडावे. मजकूर डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये आला असेल तर तो दिसायला मराठी असला तरी आतून रोमन अक्षरांचा असतो, त्यामुळे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. फायलींची नावे मात्र रोमन अक्षरे आणि अंक यांतच, मध्ये जागा न सोडता ठेवावीत, कारण काही एलएमएसना झिप उलगडताना देवनागरी नावे झेपत नाहीत आणि मग व्हिडिओ पॅकेजमध्ये असूनही सापडत नाही.

लेथचा तो व्हिडिओ दुसऱ्या खेपेस आम्ही पब्लिश केला, पण लगेच चढवला नाही. कारखान्यातील सर्वांत जुना संगणक कोणता ते विचारले आणि त्या खोलीतल्या माणसाला फक्त ती ४५ एमबीची फाइल पाठवून ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाकायला सांगितली. चित्र दिसले, आवाज जुळला. ‘चक सुरू करण्यापूर्वी चावी काढली का’ हे वाक्य पर्यवेक्षकांच्या ओठांबरोबर आले, तेव्हा धडा एलएमएसवर गेला.